इच्छुक म्हणून नाव देण्याआधी: समलिंगी कार्यकर्त्यासाठी वॉर्डातल्या उमेदवारीची वाट

सरकारी विश्रामगृहाच्या व्हरांड्यात आम्ही तीसेक इच्छुक बसलो होतो. प्रत्येकाच्या मांडीवर फाइल, प्रत्येकामागं आठ-दहा पोरं. आत नगरपरिषदेच्या उमेदवारीच्या मुलाखती चालल्या होत्या. माझा नंबर आला. प्रभागात मतदार किती, विचारलं, सांगितलं. समाजनिहाय आकडे विचारले; तेही सांगितले. मागच्या वेळी आपला उमेदवार कुठल्या बूथवर मागं पडला, हे मला पाठ होतं. मग मधल्या खुर्चीतल्या निरीक्षकांनी फाइल मिटली आणि विचारलं, "लग्न झालंय का?" नाही म्हणालो. "का नाही केलं?" खोलीतल्या दोघांनी खाली बघितलं. त्यांना माहीत होतं.

बाहेर आल्यावर एक ज्येष्ठ नेते खांद्यावर हात टाकून मला झाडाखाली घेऊन गेले. म्हणाले, "आमचं काही नाही रे बाळा. तू कामाचा पोरगा आहेस. पण लोकांच्यात चर्चा आहे. इलेक्टिव्ह मेरिट बघावं लागतं." मेरिट म्हणजे निवडून यायची ताकद. एबी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा कागद, दुसऱ्याला गेला.

मी वाद घातला नाही. पुढं दुसऱ्यांच्या निवडणुकांत यादीचं काम करताना लक्षात आलं की समलिंगी माणसाला पक्षात तोंडावर नको कुणीच म्हणत नाही. नको म्हणतात ते 'लोक'. हे लोक कोण, किती, कुठल्या गल्लीतले, ते सांगणाऱ्यालाही माहीत नसतं. पहिल्यांदा ग्रामपंचायत, नगरपंचायत, नगरपरिषद लढवू पाहणाऱ्या समलिंगी मुलामुलींसाठी हे लिहितोय. यातल्या बहुतेक पायऱ्या एकाच कामाच्या आहेत: त्या 'लोक' शब्दाच्या जागी नाव-पत्त्यासकट आकडा ठेवायचा.

पायरी पहिली: नकार नेमका कुठून येतो ते बघा

कायद्याची आडकाठी नाही, हे आधी डोक्यात पक्कं करा. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं प्रौढांच्या संमतीच्या समलिंगी संबंधांना कलम ३७७ मधून बाहेर काढलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर ते कलमच उरलेलं नाही. वयाची २१ वर्षं पूर्ण हवीत, मतदार यादीत नाव हवं, कर थकलेला नको, राखीव जागा असेल तर जातीचे कागद हवेत. तुम्ही कुणावर प्रेम करता, हे उमेदवारी अर्ज विचारत नाही.

विचारतात ती माणसं. शहराध्यक्ष, तालुकाध्यक्ष, आमदार किंवा त्यांचे विश्वासू, जिल्ह्याहून आलेला निरीक्षक, आणि सगळ्यात वर पार्लमेंटरी बोर्ड, म्हणजे तिकिटं ठरवणारी पक्षाची समिती. तुमच्या गावात यातला खरा शब्द कुणाचा चालतो, ते हेरून ठेवा. बहुतेक ठिकाणी एकाचाच चालतो, बाकीचे मान डोलावतात.

मुंबईत झालेल्या घोषणांवर विसंबून राहू नका. राष्ट्रवादी काँग्रेसनं २०२० साली एलजीबीटी सेल सुरू केला. सुप्रिया सुळे यांनी २०२२ साली समलिंगी विवाहाला मान्यता देणारं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं. २०२४ साली शरद पवारांच्या पक्षानं अनिश गावंडे यांना राष्ट्रीय प्रवक्ते केलं, आणि ते समलिंगी आहेत हे पक्षानं लपवलं नाही. या गोष्टी मोठ्या आहेत, माझ्यासारख्याला त्यांनी बळ दिलं. पण तालुक्याचं तिकीट तालुक्यातच ठरतं, आणि तिथल्या माणसाला प्रवक्त्याचं नावही माहीत असेलच असं नाही.

आणखी एक घोळ पहिल्याच दिवशी निस्तरायचा. पक्षातल्या बऱ्याच जणांना समलिंगी आणि तृतीयपंथी यातला फरक कळत नाही. तृतीयपंथी उमेदवारांनी महाराष्ट्रात वाट आधी पाडली आहे. सोलापूर जिल्ह्यात माळशिरस तालुक्यातल्या तरंगफळ गावानं २०१७ साली माऊली कांबळे यांना सरपंच केलं. जळगावजवळच्या भादली बुद्रुकमध्ये अंजली पाटील यांचा महिला राखीव जागेवरचा अर्ज छाननीत बाद झाला होता. औरंगाबाद खंडपीठानं तो ग्राह्य धरायला लावला आणि जानेवारी २०२१ मध्ये त्या निवडून आल्या. त्यांच्यापुढचा प्रश्न होता की कुठल्या जागेवर लढायचं. आपल्यापुढचा प्रश्न वेगळा आहे. आपला अर्ज छाननीत कुणी बाद करत नाही. आपण छाननीपर्यंत पोचतच नाही.

आणि जात. हे लिहायला बरं वाटत नाही, पण नवख्याला सांगितलंच पाहिजे. ज्याच्या मागं भावकीची तीनशे गठ्ठा मतं आहेत, त्याला निरीक्षक लग्नाबद्दल विचारत नाहीत. ज्याच्याकडं स्वतःचा खर्च करायची ऐपत आहे, त्यालाही विचारत नाहीत. पूर्वग्रह सगळ्यांच्या वाट्याला येतो, पण त्याची किंमत छोट्या समाजातल्या, हातावर पोट असलेल्या पोरालाच मोजावी लागते. तुम्ही त्यातले असाल तर पुढची तिसरी पायरी दुप्पट जोरात करा.

पायरी दुसरी: कुणाला, कधी, किती सांगायचं ते आपण ठरवा

हा निर्णय निवडणूक जाहीर होण्याच्या निदान वर्षभर आधी घ्या. प्रचारात घेतलेला निर्णय विरोधकानं घ्यायला लावलेला असतो.

आधी जोडीदार. तुम्ही उभे राहिलात की त्याचंही आयुष्य उघडं पडतं. त्याची नोकरी, त्याचा घरमालक, त्याच्या बहिणीचं ठरत आलेलं लग्न, सगळं. तो नको म्हणाला तर थांबा, पुन्हा बोला. त्याच्या होकाराशिवाय पुढं जाऊ नका.

मग घर. मी आईला सांगितलं ते त्या मुलाखतीनंतर, म्हणजे उशिरा. तिला आधीच मंडईत कळलं होतं, भाजीवालीकडून. ती पोळ्या लाटत होती, लाटणं न थांबवता म्हणाली, "मला आधी सांगितलं असतंस तर तिथल्या तिथं उत्तर दिलं असतं तिला. मी नुसती पिशवी उचलून घरी आले." हे वाक्य मला तिकीट गेल्यापेक्षा जास्त लागलं. तुमच्या आईला मंडईत एकटं पाडू नका. अर्थात घरी सांगितल्यावर मारहाण होईल किंवा घराबाहेर काढतील अशी भीती असेल, तर आधी राहायची सोय आणि हातात कमाई, मग सांगणं, आणि निवडणूक त्याच्याही नंतर. मन फार खचलं असेल तर सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, मराठीतून बोलता येतं. मुंबईत हमसफर ट्रस्ट १९९४ पासून आपल्या लोकांसाठी काम करतोय.

घरानंतर पाच कार्यकर्ते. जे रात्री बारा वाजता बूथची वही घेऊन बसतील असे. त्यांना स्वतःच्या तोंडानं सांगा, म्हणजे चौकात कुणी विचारलं तर त्यांचा चेहरा पडणार नाही. सहावा मात्र नीट पारखून घ्या.

सगळ्या गावाला सांगायचंच असं माझं म्हणणं नाही. खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे आणि लैंगिकता त्यात येते, हे सर्वोच्च न्यायालयानं २४ ऑगस्ट २०१७ च्या निकालात स्पष्ट सांगितलंय. न सांगणं हा तुमचा हक्क आहे. खोटं मात्र बोलू नका. 'छे छे, मी तसला नाही' असं एकदा सभेत बोललात की पुढची पाच वर्षं त्या वाक्याचे गुलाम व्हाल. विचारलंच तर, "ती माझी घरातली गोष्ट आहे, वॉर्डाचं विचारा" एवढं पुरतं.

लंडनच्या बर्मंडसी मतदारसंघात २४ फेब्रुवारी १९८३ ला पोटनिवडणूक झाली. मजूर पक्षाचा हा बालेकिल्ला. उमेदवार पीटर टॅचेल समलिंगी होते आणि लैंगिकतेबद्दल गप्प राहा, असा पक्षाचा सल्ला होता. भिंतींवर शिव्या रंगल्या, पत्रकं वाटली गेली, धमक्या आल्या. पक्षाचे वरचे नेते आधीपासूनच त्यांच्या उमेदवारीवर नाराज होते. सगळ्या गावाला माहीत आणि उमेदवाराच्या तोंडून मात्र शब्द नाही, अशी ती लढत झाली आणि हक्काची जागा मोठ्या फरकानं गेली. निवडून आलेल्या सायमन ह्यूज यांनी त्या प्रचाराबद्दल २००६ साली माफी मागितली, आणि आपलेही पुरुषांशी संबंध होते हे त्याच वर्षी सांगितलं. मी याचा अर्थ एवढाच घेतो की दार उघडायचं किंवा लावायचं; फटीत उभं राहिलं की बोटं चिरडतात.

आता एक गोष्ट विनवणी म्हणून सांगतो. तिकिटासाठी लग्न करू नका. "आधी लग्न कर, मग बघू" असं तुम्हाला हमखास सांगितलं जाईल, अगदी मायेनं सांगितलं जाईल. एखादी मुलगी पण देतील बघून. त्या मुलीचा काही गुन्हा नाही. प्रचाराच्या फोटोत उभं करायला तिचं अख्खं आयुष्य घ्यायचा अधिकार कुणालाच नाही. अशी लग्नं मी पाहिली आहेत. त्यातल्या बायकांचे चेहरे पाहिले आहेत.

पायरी तिसरी: यादी फोडा आणि ठिपके मोजा

हीच पायरी सगळ्यात मोठी. मुलाखतीच्या दिवशी तुमच्या बाजूनं बोलणार ती ही वही.

प्रभागाची मतदार यादी घ्या आणि गल्लीनिहाय फोडा. घरटी एक ओळ: घरात मतं किती, बाहेरगावी किती, मयत किंवा दुबार नावं किती, घराचं काम काय अडलंय. समोर नेहमीच्या खुणा: हक्काचं, बघू, नाही. मी यात एक चौथी खूण वाढवली. ज्या घरातून माझ्याबद्दल 'तसली' चर्चा झाल्याचं खात्रीनं कळलं, त्या घरापुढं पेन्सिलनं ठिपका. ऐकीव नाही, कोण कुणाला काय म्हणालं ते माहीत असेल तरच ठिपका.

दोन महिने फिरलो. ठिपके मोजले तर एका पानावर मावले. त्यातली निम्मी घरं आधीपासूनच दुसऱ्या पक्षाची होती, ती मी दहा वेळा बोहल्यावर चढलो असतो तरी मला मिळाली नसती. 'लोकांच्यात चर्चा आहे' याचा माझ्या प्रभागातला आकार एवढाच होता. चर्चा होती ती मुख्यतः पक्ष कार्यालयातल्या बाकड्यावर.

ठिपक्यांच्या घरांत स्वतः जा. वाद घालायला जाऊ नका, काम घेऊन जा. एका घरातले आजोबा मला बघितलं की चौकटीतून आत जायचे. त्यांच्या बायकोचा संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज अडकला होता. तहसीलमध्ये तीन हेलपाटे घातले, हयातीचा दाखला आणि बँकेचं खातं जुळवून दिलं. मंजुरी आली त्या दिवशी आजोबांनी चहा दिला आणि बराच वेळ गप्प बसून म्हणाले, "तुझ्याबद्दल काहीबाही बोलतात." मी म्हटलं, "बोलतात ते खरं आहे, आजोबा." त्यांनी बशीतला चहा संपवला. मग म्हणाले, "गटारीवरच्या फरशीचं पण बघ." ठिपका खोडला नाही मी, पण त्याच्यापुढं 'बघू' लिहिलं.

काम दिसेल असं करा: दाखले, रेशन कार्ड, नळजोडणी, घंटागाडीची वेळ, दिव्याचा खांब. प्रत्येक अर्जाची पोच जपा. वर्षभरात पोचपावत्यांची फाइल जाड होते, आणि इलेक्टिव्ह मेरिट म्हणणाऱ्यापुढं ठेवायला तुमच्याकडं दुसरं काय असतं?

प्रचारात एक अडचण मात्र खरी आहे, ती मान्य करून तिची तयारी करा. आपल्याकडं उमेदवाराची बायको हा निम्मा प्रचार असतो. संक्रांतीनंतर हळदी-कुंकू, वाण, बचत गटाच्या बैठका, स्वयंपाकघरापर्यंत जाणं, हे सगळं 'वहिनी' करतात. पहिल्या फेरीत प्रत्येक तिसऱ्या दारात विचारतील, "वहिनी नाही आल्या?" याला उत्तर प्रभागाच्या रचनेतच आहे. नगरपरिषदेत सहसा एका प्रभागातून दोन नगरसेवक निवडले जातात आणि त्यातली एक जागा महिलेची असते. तुमच्या जोडीला जी महिला उमेदवार येऊ शकते, तिच्याबरोबर आधीपासून काम करा. अंगणवाडी सेविकांत, बचत गटांत जिचा शब्द चालतो अशी. तिला सगळं मोकळेपणानं सांगा. बायकांच्या बैठका तिनं घ्यायच्या, कार्यालयातले हेलपाटे तुम्ही घालायचे. पॅनल जमलं की वहिनींचा प्रश्न कुणी विचारत नाही. माझा अनुभव तर असा की बायकांच्या बैठकीत माझ्या लग्नाचा विषय निघाला तो एकदाच, आणि एका मावशींनीच तो मिटवला: "त्याचं तो बघंल, तू पाण्याचं बोल."

समलिंगी मुलींसाठी वेगळं थोडं सांगायला हवं. तुमच्याबाबत संशय दुसऱ्या भाषेत येतो: "एकटी बाई, मागं माणूस कोण?" निम्म्या जागा महिलांसाठी राखीव असल्यामुळं दार तुम्हाला जास्त वेळा उघडं सापडतं, पण पक्षाला हवी असते कुणाची तरी पत्नी किंवा सून. तुमची वही, तुमची माणसं आणि तुमचा खर्चाचा हिशेब तुमच्या हातात ठेवा, भावाच्या नको.

पायरी चौथी: आरक्षणाची सोडत

सोडतीत जागा महिलेसाठी निघाली की लग्न झालेला कार्यकर्ता रात्रीतून बायकोचा फोटो फ्लेक्सवर टाकतो. समलिंगी पुरुषाकडं तो पर्याय नसतो, आणि "याच्यावर गुंतवणूक कशाला, वॉर्ड फिरला की घरात उमेदवार नाही" असा हिशेब पक्षात उघड मांडला जातो. मला तो हिशेब मुळातच मान्य नाही. बायकोच्या नावानं नगरसेवकपद चालवणं हा त्या आरक्षणाचा अपमान आहे. आईला किंवा बहिणीला बळंच उभं करू नका. जिच्याबरोबर वर्षभर काम केलंत तिच्यासाठी झटा, आणि शेजारचा प्रभाग खुला असेल तर तिथली यादी आत्ताच मागवा. दोन प्रभागांची तयारी ठेवणं आपल्याला भाग आहे.

पायरी पाचवी: मुलाखत

पाच मिनिटं मिळतात. फाइल तीन भागांत: बूथनिहाय आकडे, कामांच्या पोचपावत्या, सोबत येणाऱ्या माणसांची नावं. लग्नाचा प्रश्न येणारच, त्याचं उत्तर आरशापुढं उभं राहून पाठ करा. माझ्या तोंडी आता असं बसलंय: "लग्न नाही, साहेब. कारण तुमच्या कानावर असेल. प्रभागात त्याचा किती फरक पडतो ते या पानावर घरनिहाय लिहिलंय." आणि पान पुढं सरकवायचं. "लोकांच्यात चर्चा आहे" असं कुणी म्हणालं तर नम्रपणे विचारा, "कुठल्या बूथवर, साहेब? मी उद्या जाऊन येतो." आवाज चढवू नका. बहुतेक वेळा बूथचं नाव येत नाही.

"आपल्या मातीत हे चालत नाही" असंही ऐकाल. मालवण तालुक्यातल्या वराड गावचे डॉ. अशोक वराडकर आयर्लंडला स्थायिक झाले. त्यांचा मुलगा लिओ २००४ साली तिथल्या फिंगल काउंटी परिषदेवर, म्हणजे स्थानिक स्वराज्य संस्थेवरच, निवडून आला. जानेवारी २०१५ मध्ये मंत्री असताना त्यांनी रेडिओवर आपण समलिंगी असल्याचं सांगितलं. जून २०१७ मध्ये ते पंतप्रधान झाले आणि डिसेंबर २०१९ मध्ये वराडला आले तेव्हा गावानं कौतुकानं त्यांचं स्वागत केलं. हे उदाहरण मी वापरतो, पण जपून. वराडच्या लोकांना त्यांना मत द्यायचं नव्हतं. तरंगफळच्या लोकांनी मत दिलं होतं, म्हणून मुलाखतीत मी तरंगफळचं नाव आधी घेतो.

पायरी सहावी: कागद

शपथपत्रात मालमत्ता, कर्ज, गुन्हे, शिक्षण लिहावं लागतं, आणि पती-पत्नीचा रकाना असतो. तिथं 'लागू नाही' लिहा. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं समलिंगी विवाहाला कायद्याची मान्यता दिली नाही, त्यामुळं तुमचा जोडीदार कागदावर पती किंवा पत्नी ठरत नाही. हे लिहिताना माझा हात जड झाला होता, तुमचाही होईल. तरी रकाना रिकामा सोडू नका. रिकाम्या रकान्यांविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा निकाल आहे आणि छाननीत विरोधकाचा वकील नेमका तोच शोधत असतो.

जोडीदाराबरोबर घर किंवा खातं सामाईक असेल तर तुमचा हिस्सा लिहावाच लागतो, आणि शपथपत्र कुणालाही बघता येतं. म्हणजे त्याचं नाव तिथून बाहेर येऊ शकतं. हे त्याला सही करायच्या आधी सांगा. कधीकाळी पोलिसांत काही प्रकरण झालं असेल, जुन्या ३७७ चं असलं तरी, वकिलाला दाखवूनच तो रकाना भरा. लपवलेलं प्रकरण हे मूळ प्रकरणापेक्षा महागात पडतं.

पायरी सातवी: प्रचारातली कुजबुज

मतदानाच्या दोन-तीन दिवस आधी व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज फिरतो. जुना फोटो असेल, एखाद्या डेटिंग अ‍ॅपवरचं प्रोफाइल असेल, नाहीतर नुसतंच 'बायल्याला मत देणार का?' उमेदवारी ठरल्यापासून त्या अ‍ॅपवर नव्या माणसाला भेटणं बंद ठेवा. मुद्दाम लावलेल्या सापळ्यात सापडलेला एक चांगला मुलगा मला माहीत आहे; त्यानं अर्ज मागं घेतला आणि खरं कारण आजवर घरी सांगितलं नाही.

कुणी पैसे मागितले किंवा 'माघार घे, नाहीतर फोटो टाकतो' म्हणालं, तर मेसेज पुसू नका. स्क्रीनशॉट, नंबर, तारीख, वेळ जपून ठेवा आणि वकिलाला घेऊन पोलिसांत जा. खंडणीसाठी न्याय संहितेचं कलम ३०८ आहे, खासगी अवयवांचे फोटो पसरवण्यासाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ई आहे. पैसे एकदा दिले की मागणी थांबत नाही.

इथं एक बारकावा आहे, तो भले भले चुकतात. उमेदवाराच्या वैयक्तिक चारित्र्याबद्दल खोटं विधान करणं हा निवडणुकीतला गुन्हा आहे, न्याय संहितेचं कलम १७५. पण तो खोट्या विधानाचा आहे. तुम्ही समलिंगी आहात आणि विरोधकानं तेच सांगितलं, तर हे कलम लावायला जाणं म्हणजे स्वतःच खोटं शपथेवर सांगणं. त्यापेक्षा आदर्श आचारसंहिता धरा. सार्वजनिक कामाशी संबंध नसलेल्या खासगी आयुष्यावर टीका करू नये, असं तिच्यात स्पष्ट लिहिलंय. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडं लेखी तक्रार द्या, पोच घ्या.

आणि उत्तर एकदाच द्या, त्याच संध्याकाळी, जिथं चर्चा जास्त आहे त्या चौकात उभं राहून. आम्ही एका उमेदवारासाठी लिहिलेलं असं होतं: "मेसेज तुम्ही वाचला, मीही वाचला. मी समलिंगी आहे, माझ्या आईला माहीत आहे, ती ही इथं उभी आहे. पाणी चार दिवसांनी येतं ते दोन दिवसांनी कसं आणायचं, ते मी आता सांगतो." पुढची दहा मिनिटं तो फक्त पाण्याच्या टाकीबद्दल आणि मोडलेल्या व्हॉल्व्हबद्दल बोलला. त्यानंतर मेसेजला मेसेजनं उत्तर दिलं नाही. कार्यकर्त्यांनाही ताकीद द्या: भांडण नाही, हात उचलणं तर अजिबातच नाही. आणि विरोधी उमेदवाराच्या घरातलं काही हाती लागलं तरी ते वापरायचं नाही. आपल्यावर जे गुदरतं ते दुसऱ्यावर आणायचं नाही.

पायरी आठवी: तिकीट नाही मिळालं तर

त्या दिवशी लगेच काही ठरवू नका. एखाद्या सेलचं पद पुढं केलं जाईल. ते घ्यायला हरकत नाही, पण त्या बदल्यात प्रभाग सोडायचा नाही. सत्कार आणि शाल घेऊन वॉर्डातून उठलेले कार्यकर्ते मी पाहिले आहेत. नकाराचं कारण लेखी कुणी देत नाही, म्हणून भेटीची तारीख, हजर माणसं आणि बोललेले शब्द त्याच रात्री वहीत लिहा. जिल्ह्याच्या किंवा राज्याच्या नेतृत्वाला पत्र लिहायची वेळ आली तर ते कामाला येतं.

अपक्ष लढायचं का? वहीतली 'हक्काचं' ही खूण खरी असेल, वर्षभराची उसनवारी न करता खर्च झेपणार असेल आणि ते पाच जण बरोबर असतील, तर लढा. मी लढलो. पडलो. पक्षानं सहा वर्षांसाठी काढून टाकलं आणि दीड वर्षात परत बोलावलं, कारण पक्षाच्या उमेदवाराला माझ्यापेक्षा कमी मतं होती.

पायरी नववी: मोजणीच्या दिवशी

निकाल काहीही लागो, मतदान केंद्रनिहाय मतांचा तक्ता घेतल्याशिवाय मोजणीच्या ठिकाणाहून हलू नका. घरी येऊन तो ठिपक्यांच्या पानाशेजारी ठेवा. माझ्या तक्त्यात सगळ्यात जास्त ठिपके ज्या केंद्रावर होते, तिथं मी दुसऱ्या क्रमांकावर होतो. आणि जिथं एकही ठिपका नव्हता त्या केंद्रावर सपाटून मार खाल्ला, कारण तिथं माझा पोलिंग एजंट दुपारी जेवायला गेला तो परत आलाच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रभागात फिरून आभार माना, ठिपक्यांच्या घरांतही. तक्त्याच्या दोन झेरॉक्स काढा. एक फाइलला लावा. दुसरी घडी करून पाकिटात ठेवा. पुढच्या मुलाखतीत मी ती सगळ्यात आधी टेबलावर ठेवली होती, आणि त्या वेळी लग्नाचं कुणी विचारलं नाही.